अनुभव धागा: दाखल्यांसाठी एकच संकेतस्थळ, आणि आपण

गुहागरकर: भाच्याचा अधिवास दाखला आणि नॉन-क्रिमीलेअरचा अर्ज काल रात्री घरी बसून भरला, तेव्हा जूनमधली सेतूची रांग आठवली. छत्री काखेत, कागद प्लास्टिकच्या पिशवीत, आणि खिडकीशी पोहोचेपर्यंत साहेबांच्या जेवणाची सुट्टी झालेली असायची. 2015 साली लोकसेवा हक्क कायदा आला, 'आपले सरकार' हे राज्य शासनाचे संकेतस्थळ सुरू झाले आणि निरनिराळ्या खात्यांच्या सेवा एका ठिकाणी मिळू लागल्या, ही सोय मी मोठीच मानतो. मात्र अर्जासोबत जोडायचे जवळजवळ सगळे कागद शासनानेच कधी ना कधी दिलेले असतात, आणि ते आपण स्कॅन करून, ठरावीक केबीत बसवून, पुन्हा शासनालाच पाठवतो. दार एक झाले, पण आतल्या खोल्यांची एकमेकींशी बोलाचाल नाही. आपापले अनुभव लिहावेत.

बंदरावरची: आईने जन्मभर कोळंबी सोलली, त्यामुळे तिच्या बोटांचे ठसे यंत्राला उमटतच नाहीत. वडील टपाल खात्यात होते, म्हणून तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते आणि दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. केंद्रावरचा मुलगा तिची बोटे ओल्या फडक्याने पुसून पुसून थकायचा. 2021 पासून चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय झाली आणि आता तो दाखला घराच्या पडवीत मोबाइलवर होतो. फक्त डोळ्यांची उघडझाप करायला सांगितली की तिला हसू आवरत नाही.

दापोली ते दादर: सामायिक सातबारा, त्यावर आजोबांच्या पिढीपासूनची नावे, निम्मे वारस मुंबईत आणि उरलेले एकमेकांशी अबोला धरलेले. वारस नोंदीचा अर्ज मी ई-हक्क या महसूल खात्याच्या ऑनलाइन प्रणालीवर मुंबईतूनच केला, आणि डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत मिळाला. हा उतारा कायदेशीर कामांना चालतो, असे त्यावरच छापलेले असते, तरीही एका बँकेतील अधिकाऱ्यांनी त्यावर तलाठ्याचा गोल शिक्का आणायला सांगितले.

माडबन: शिक्का दिसला नाही तर कागदाला कागद म्हणावे तरी कसे!

केंद्रचालक: दुसऱ्या बाजूनेही लिहितो, कारण मी आमच्या गावात सेवा केंद्र चालवतो. अर्ज अडतो तो बहुतेक वेळा संकेतस्थळामुळे नव्हे. आधारला जोडलेला मोबाइल मुंबईला मुलाकडे असतो, किंवा मुलगा जहाजावर असतो, आणि आलेला ओटीपी आजोबांपर्यंत पोहोचेस्तोवर त्याची मुदत संपते. दुसरी अडचण नावांची आहे. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे, सातबाऱ्यावर वडिलांचे नाव आणि पुढे फक्त 'व इतर'. माणसे ओळखणारा तलाठी हे समजून घ्यायचा, पण यंत्राला अक्षर जुळावे लागते. सेवा एका ठिकाणी आल्या, पण माणसाची नोंद अजून प्रत्येक खात्यात वेगळी आहे, आणि ती जुळवण्याचे काम अर्जदाराच्या डोक्यावर येऊन पडते. निकाल लागले की जूनमध्ये सगळा महाराष्ट्र एकाच वेळी अर्ज भरतो, त्या दिवसांत मी लोकांना पहाटे यायला सांगतो. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर तर खांबच आडवे झाले होते, तेव्हा नुकसानीचे पंचनामे कागदावरच करावे लागले. म्हणून कागदाची वाट पुरती बुजवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुरंगी: केंद्रचालक दादा, तुमचे केंद्र रविवारी उघडे असते का? आमच्या इथले बाजाराच्या दिवशीही बंद असते.

केंद्रचालक: ताई, वीज असेल तर असते.

सावंतवाडीचा जावई: मी संगणक क्षेत्रात आहे. डिजिलॉकर या केंद्राच्या ऑनलाइन कागदपेटीत खात्याने थेट दिलेल्या दाखल्याला मूळ कागदाइतकेच मोल असल्याचे नियम केंद्राने केले आहेत. म्हणजे अर्जदाराने संमती दिली की संकेतस्थळाने तो दाखला तिथून स्वतः उचलावा, ही मागणी अवास्तव नाही. नवे संकेतस्थळ किंवा नवे ॲप काढणे हा सोपा भाग असतो, 2017 मध्ये सरकारी सेवांचे उमंग ॲपही आलेच. खाती आपापली माहिती सोडायला तयार होतात का, यावर खरे काम अडते.

हापूसवाला: ई-पीक पाहणीसाठी, म्हणजे सातबाऱ्यावर पिकाची नोंद मोबाइलवरून करण्यासाठी, फोटो बागेत उभे राहून काढावा लागतो आणि रेंज मात्र घाटीवर येते. मी आधी फोटो काढतो, मग वर जाऊन माहिती पाठवतो, येताना भावजींकडे चहा होतो.

बंदरावरची: भावजींची बाग कोणत्या अंगाला आहे? आम्हाला यंदा आंबा मिळालाच नाही.

गुहागरकर: आंब्याचे नंतर ठरवू. केंद्रचालक दादा, दाखला देण्याची मुदत उलटली आणि तो मिळाला नाही, तर काय करावे?

केंद्रचालक: पोचपावतीवरचा क्रमांक जपून ठेवा. लोकसेवा हक्क कायद्यानुसार त्याच खात्यातील वरिष्ठांकडे पहिले अपील करता येते, नंतर दुसरे, आणि तिसरे राज्य सेवा हक्क आयोगाकडे. सबळ कारणाशिवाय उशीर झाला असेल तर संबंधित अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आमच्याकडे अपिलाचा अर्ज क्वचितच कोणी भरतो, कारण त्याच कार्यालयात उद्या दुसरे काम असते.