मदत हवी आहे: हायटस हर्नियाच्या ऑपरेशननंतर अन्ननलिकेला गळती झाली, आता घास अडकतो

नमस्कार मंडळी. आम्ही अमळनेर तालुक्यातले. आईचं वय साठीच्या पुढे. हायटस हर्निया, म्हणजे छाती-पोटामधल्या पडद्याच्या छिद्रातून निम्म्याहून जास्त जठर छातीत सरकलेलं, दोन घास खाल्ले की धाप, हिमोग्लोबिन सारखं खाली. त्यामुळे ऑपरेशन करायला हवंच होतं, हे मला आजही पटतं. दुर्बिणीतून जठर खाली ओढलं, पडद्याचं छिद्र शिवलं आणि निस्सेन फंडोप्लिकेशन केलं, म्हणजे जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती पूर्ण गुंडाळला. जाळी बसवलेली नाही.

दुसऱ्या दिवशी डावा खांदा दुखू लागला. पोटात गॅस भरतात त्याने असं होतं, हे आधी सांगितलेलंच होतं. पण नाडी 120 च्या खाली येईना, ताप चढला, श्वास लागला. सीटी स्कॅनमध्ये अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला गळती निघाली. पुन्हा ऑपरेशन, छातीत नळी, आयसीयू, आतड्यात घातलेल्या नळीतून पातळ आहार. ज्यांच्या घरी हे ऑपरेशन व्हायचं आहे त्यांना कळकळीने सांगतो, नुसता खांदा दुखणं वेगळं. सोबत नाडी जोरात, ताप किंवा धाप असेल तर सकाळच्या राऊंडपर्यंत थांबू नका, तेव्हाच डॉक्टरांना बोलवा.

गळती भरली, नळ्या निघाल्या. पण आई छातीवर बोट ठेवून म्हणते, "घास आठेच अडकस." कळण्याची भाकरी राहू द्या, मऊ खिचडीसुद्धा पाण्याच्या घोटाबरोबर उतरवावी लागते. ढेकर येत नाही, पोट फुगतं, वजन उतरतंय. सुजेमुळे सुरुवातीचे काही आठवडे गिळायला त्रास होतो, पण तो काळ कधीच मागे पडला.

एक डॉक्टर म्हणतात, एंडोस्कोपीतून फुग्याने जागा रुंद करू. दुसरे म्हणतात, गुंडाळी सोडवून अर्धवट, 270 अंशांची गुंडाळी (टूपे) करू. तिला पुन्हा टेबलावर घ्यायचं म्हटलं की जीव थरथरतो.

गळती झालेल्या जागीच फुगा फुगवल्यावर कुणाला त्रास झाला का? त्याआधी बेरियम स्वॅलो (औषध गिळताना काढलेला एक्स-रे) आणि मॅनोमेट्री (अन्ननलिकेतल्या दाबाची तपासणी) दोन्ही करून घेतल्या होत्या का? व्हेगस नर्व्हला (जठराची हालचाल चालवणाऱ्या नसेला) इजा असेल तर जठर रिकामं व्हायला उशीर लागतो म्हणतात, त्याची तपासणी कुणी केली आहे? मॅनोमेट्रीची सोय जळगाव, धुळे किंवा नाशिकला कुठे आहे, की थेट मुंबई गाठावी? डिस्चार्ज कार्डावर दोनच ओळी आहेत. पूर्ण ऑपरेशन नोट आणि व्हिडिओ मिळवायला लेखी अर्ज पुरतो का, तेही कृपया सांगा.