आजूबाजूच्यांनी विकलं, मधे आमचंच भात राहिलंय. चालू ठेवायचं का?

खाचरवाला
नमस्कार मंडळी. पिरंगुटच्या पुढे आतल्या बाजूला आमचं दीड एकर भात आहे, इंद्रायणी लावतो, घरापुरता ठेवून उरलेला पुण्यातल्या ओळखीच्यांना देतो. वरच्या अंगाची जमीन दोन वर्षांपूर्वी विकली गेली, आता तिथे प्लॉटिंग चाललंय. मार्चमध्ये प्लॉटिंगवाल्याने मुरूम टाकून लेव्हल केली आणि कंपाउंड घातलं. आमच्याकडे पाणी एका खाचरातनं दुसऱ्या खाचरात असंच उतरत येतं, तेच बंद झालं. परवाच्या पावसात ते भिंतीच्या कोपऱ्यातनं एकदम फुटून आलं आणि दोन खाचरांचे बांध घेऊन गेलं, बाकीच्या खाचरांत चिखलणीपुरतंही पाणी नाही. जुलै अर्धा संपला, रोपं तयार आहेत.
भाऊ म्हणतो विकून टाकू, भाव चांगलाय. वडील ऐकत नाहीत. मला दराचं नकोय, एवढंच विचारायचंय की चारी बाजूंनी विकल्यावर मधल्या एकट्याला शेती जमते का? कुणी केलीय का?

कोरडवाहू
केली. वाघोलीच्या अलीकडे, ज्वारी. चार वर्षं रेटलं मग सोडलं.
तुम्ही पाण्याचं लिहिलंत, पण खरा त्रास पाखरांचा होतो हे आधी कुणी सांगत नाही. पूर्वी सगळ्या शिवारात ज्वारी असायची तेव्हा पाखरं वाटली जायची, आता पूर्ण शिवारातली एका तुकड्यावर, दाणा भरला की सकाळी सहापासून गोफण घेऊन उभं राहायचं आणि शेजारच्या टॉवरमधले गॅलरीतनं व्हिडिओ काढणार. माणसं मिळत नाहीत कारण बाया सोसायट्यांत कामाला जातात, त्यांचं चूक नाही, तिथे महिन्याचा पगार नक्की असतो. मळणी मशीनवाला दोन एकरासाठी येत नाही. आमच्याकडे इर्जिक घालायचे, आज तुझ्यात उद्या माझ्यात, आता घालणार कुणासोबत?
शेती एकट्याची कधी नव्हतीच हो. सातबारा एकट्याच्या नावावर असतो म्हणून तसं वाटतं.

तिसरा मजला
राग येणार असेल तर आधीच सॉरी. मी त्या गॅलरीवाल्यांपैकीच आहे, म्हाळुंगेत राहतो. आम्हीपण फसलोय. बुकिंगच्या वेळी समोर हिरवंगार दाखवलं, आता तिथे दुसरी बिल्डिंग. पाणी टँकरने येतं. २०२१ ला गाव महापालिकेत गेलं, तरी टँकर काही सुटला नाही. टँकर भरतो कुठे म्हणून एकदा सहज ड्रायव्हरला विचारलं तर म्हणे पुढच्या गावातली विहीर आहे, मालकाने शेती बंद केलीय आणि पाणी विकतो. म्हणजे त्या विहिरीच्या शेजाऱ्याचं काय होत असेल ते तुम्हीच सांगा.

कोरडवाहू
काय होणार, त्याची विहीर जानेवारीतच तळाला जाते. मग तोपण विकायला काढतो.

खाडीपट्टा
आम्ही उरणचे. तुमच्याकडे निदान विचारतात तरी. नवी मुंबई वसवायला सिडको १९७० ला आली आणि ९५ गावांची जमीन संपादनात गेली, भात, मिठागरं, खाडीची मासेमारी, सगळंच गेलं. १९८४ ला दि. बा. पाटलांच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण गेले, त्यानंतर कुठे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के प्लॉट परत द्यायची योजना आली. आजा गेला तरी काहींचे प्लॉट मिळायचेच होते. गावठाण मात्र वाढलं नाही, पोरं वाढली, मग जागा मिळेल तिथे घर चढवलं, ते 'गरजेपोटीचं घर'. वर्षानुवर्षं नियमित होणार होणार ऐकतोय.
विकायचंच ठरलं तर पैसे भावाभावांत वाटायच्या आधी घराची जागा बाजूला काढून ठेवा. बहिणींच्या सह्या घ्यायला जाल तेव्हा त्यांचा वाटापण द्या, हक्कसोड लिहून घ्यायची घाई करू नका.

हडपसर जुने
सगळ्यांनी मिळून करायचं होतं. मगरपट्टा बघा, सुमारे ४०० एकर, शंभरावर कुटुंबं, उसाची जमीन होती. विकली नाही, स्वतःच कंपनी काढली आणि ज्याची जेवढी जमीन तेवढा त्याचा हिस्सा. २००० च्या सुमाराला बांधकाम सुरू झालं, त्यातले लोक आजही भाडं खातात.

कोरडवाहू
दादा, हे उदाहरण प्रत्येक लग्नात ऐकतो. तिथे जमीन सलग होती आणि भावकीने एकमेकांचं ऐकलं. आमच्याकडे बांधावरच्या बाभळीवरनं तीन पिढ्या कोर्टात आहेत. आणि मधला एक तुकडा आधीच बाहेरच्याला गेला असेल तर ते गणित जमतच नाही.

पायवाट
प्रश्नाचं उत्तर कुणी देईना म्हणून मी लिहितो. खाचरवाले, मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५. नैसर्गिक वाहतं पाणी किंवा वहिवाटीचा रस्ता अडवला तर तहसीलदार अडथळा काढायचा आदेश देऊ शकतो. पण अर्ज अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत लागतो. मुरूम मार्चमध्ये पडला म्हणताय, म्हणजे तुमच्याकडे सप्टेंबरपर्यंतच वेळ आहे, गणपतीनंतर बघू म्हणालात तर गेलं. फोटो तारखेसकट काढा, फुटलेल्या बांधांचे पण. जुने शेजारी अजून गावात असतील तर पाणी कुठनं उतरायचं ते त्यांच्याकडून लिहून घ्या, ते लोक पांगले की साक्षीला कुणी सापडत नाही. रस्तापण बंद झाला असेल तर तोही याच अर्जात घाला. वहिवाट आधी नव्हतीच, बांधावरनं नवीन रस्ता हवाय, असं असेल तर ते महसूल अधिनियमाचं कलम १४३, तो अर्ज वेगळा.
शेती जमेल का ते मला माहीत नाही. पण विकायचं तर पाणी आणि रस्ता मोकळा करूनच विका, अडकलेल्या तुकड्याला तोच शेजारी पडेल भावाने मागतो. बऱ्याचदा भिंत त्याचसाठी असते.

खाचरवाला
पायवाट, हे शेवटचं डोक्यातच आलं नव्हतं. त्याच माणसाचा एजंट मेमध्ये घरी येऊन गेला होता, वडिलांनी चहा पाजून परत पाठवला.
आत्ता त्या प्लॉटिंगवाल्याला फोन केला. फार गोड बोलला, भिंतीखालनं पाईप टाकून देतो म्हणाला. किती इंची विचारलं तर सहा. वरच्या दहा एकराचं पावसाचं पाणी सहा इंची पाईपातनं! उद्या सकाळी वडिलांना घेऊन पौडला तहसीलदाराकडे अर्ज द्यायला जातोय. भाऊ येतो म्हणालाय, गाडी तोच काढणार आहे.