अहिराणीवर काम करायचंय: एम.ए. मराठी जळगावला करू की भाषाविज्ञान पुण्याला?

बोरीकाठ

नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यातली. यंदा बी.ए. मराठी झालं, 68 टक्के पडले. घरी कोरडवाहू कपाशी आहे, धाकटा भाऊ बारावीला. वडील म्हणतात बी.एड. कर, दोन वर्षांत हातात काहीतरी येईल. त्यांचं चुकतंय असं मला वाटत नाही, पण माझं मन दुसरीकडे आहे.

माझी आजी 78 वर्षांची आहे. गेल्या श्रावणात आमच्या भाऊबंदकीत कानबाई, आमची खान्देशातली देवी, बसली. रविवारची रात्र, जागरण, अंगणात बाया. आजीने एकामागून एक गाणी म्हटली, सगळी अहिराणीत, म्हणजे आमच्या खान्देशच्या बोलीत. मी सहज मोबाइल समोर ठेवला. दुसऱ्या दिवशी ऐकलं तेव्हा कळलं की यातली निम्मी गाणी माझ्या आईलासुद्धा येत नाहीत. तेव्हापासून आजीला जमेल तसं बसवते आणि रेकॉर्ड करते. कानबाईची, आखाजीची (अक्षय तृतीयेची), जात्यावरची मिळून 41 गाणी झाली आहेत.

ती मी दोनशे पानी वहीत उतरवायला घेतली आणि तिथे अडले. ‘माझा’ म्हणताना एकाच गाण्यात आजी एकदा ‘मना’ म्हणते, एकदा ‘मन्हा’. कोणतं लिहू? ही वही आमच्या एका सरांना दाखवली. त्यांनी लाल पेनाने ‘शाया’चं ‘शाळा’ केलं, ‘डोया’चं ‘डोळा’ केलं, आणि पहिल्या पानावर लिहिलं, ‘शुद्धलेखन सुधारा.’ मी त्यांना काहीच बोलू शकले नाही. घरी आल्यावर ती लाल अक्षरं खोडरबराने खोडून पाहिली, पण कागद फाटला.

मला हे नीट शिकायचं आहे. जळगावला विद्यापीठात एम.ए. मराठी करू, की पुण्याला डेक्कन कॉलेजला भाषाविज्ञान? की आधी बी.एड. करून हे नंतर? बहिणाबाईंची गाणी आम्हाला वर्गात अहिराणी म्हणूनच शिकवली होती, तेव्हा मराठीच्या एम.ए.मध्ये अहिराणीला जागा असेल असं मी धरून चालले आहे. ज्यांनी हे केलं आहे त्यांनी कृपया खरं ते सांगा.

पांझराकाठ

ताई, मी एम.ए. इतिहास, सेट (प्राध्यापकपदाची राज्याची पात्रता परीक्षा) पास. नऊ वर्षं झाली, तासिका तत्त्वावर शिकवतोय. उन्हाळ्यात तास नाहीत म्हणजे पैसे नाहीत, आणि झालेल्या तासांचं बिल कधी निघेल ते कोणी सांगत नाही. तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. वडिलांशी बोलताना ही बाजू माहीत असावी म्हणून लिहितोय. वरिष्ठ महाविद्यालयात लागायचं तर नेट (तशीच देशपातळीवरची परीक्षा) किंवा सेट हवीच. जुलै 2023 पासून पीएच.डी. त्या पदासाठी सक्तीची राहिलेली नाही. बी.एड.नंतरही टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), अभियोग्यता चाचणी, शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल हे सगळं आहेच, त्यामुळे ‘दोन वर्षांत हातात’ हेही पूर्ण खरं नाही. दोन्हीकडे वाट बघावी लागते.

एक मात्र सांगतो. इतिहास विषय घेतल्याचं मला एक दिवसही वाईट वाटलेलं नाही.

गिरणाकाठ

बोरीकाठ, तुला तू म्हणते, वयाने खूप लहान आहेस. मी चाळीसगावकडची. जळगावला एम.ए. मराठी केलं, पुढे पीएच.डी. केली, आता कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. तुझी पोस्ट वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मला पीएच.डी.ला आखाजीच्या गाण्यांवर काम करायचं होतं. माझ्या आजीकडे ती होती. गौराई बसल्यापासून ती झोक्यापाशी बसून म्हणायची. मार्गदर्शक म्हणाले, बोलीवर काय संशोधन करणार, संदर्भग्रंथ कुठून आणणार, त्यापेक्षा एखादा कादंबरीकार घ्या. मी घेतला. आधी पदवी पदरात पाडू, गाणी मग सावकाश गोळा करू असं ठरवलं. माझ्या नोंदणीच्या दुसऱ्या वर्षी आजी गेली. माझ्याकडे तिचं एकही गाणं नाही. प्रबंध आहे, 312 पानांचा, कपाटात.

म्हणून पहिली गोष्ट. प्रवेश कुठेही घे, पण रेकॉर्डिंग थांबवू नकोस. आणि ते नीट कर. फोनच्या रेकॉर्डिंग ॲपमध्ये ‘वेव्ह’ (WAV) स्वरूप निवडता येतं, ते निवड, त्यात आवाज दाबला जात नाही. पंखा बंद ठेव. प्रत्येक गाण्याआधी स्वतःच्या आवाजात तारीख, गाव आणि गाणं कोणत्या प्रसंगाचं ते बोल. आजीचं माहेर कोणतं, ती किती वर्षांची असताना सासरी आली, गाणं कोणाकडून शिकली हे विचारून ठेव. बाया गाणी माहेराहून घेऊन येतात. त्यामुळे तू अमळनेरला ऐकलेलं गाणं मुळात साक्रीकडचं किंवा शिंदखेड्याकडचं असू शकतं, आणि बोलीतला फरकही तिथूनच येतो. ‘मना’ आणि ‘मन्हा’ दोन्ही लिही, आजी जिथे जसं म्हणाली तसं. एकच रूप सगळीकडे लावलंस तर पुढे फरक शोधायला काही उरणार नाही. ‘एलान’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात आवाजाच्या पट्टीखाली ओळीला ओळ लावून लिहिता येतं. वहीपेक्षा ते बरं, पण वहीही टाकू नकोस.

आता सरांच्या लाल पेनाबद्दल. ‘ळ’च्या जागी ‘य’ येणं ही आपल्याकडची नियमित गोष्ट आहे. जळगावचं जयगाव, धुळ्याचं धुये, काळाचं काया. जी गोष्ट दरवेळी तशीच होते तिला व्याकरण म्हणतात. आणखी पुढे बघ. आजी ‘मी करस, तू करस, तो करस’ म्हणते ना? षष्ठीला चा-ची-चे न लावता ना-नी-नं लावते ना? गुजरातीत नो-नी-नुं आहे. म्हणूनच ब्रिटिश काळातल्या ग्रिअर्सन या भाषा-अभ्यासकाने भारतीय भाषांच्या पाहणीत मराठीला सातव्या खंडात घेतलं आणि खान्देशीला, म्हणजे आपल्या अहिराणीला, नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिली भाषांच्या सोबत. तो भाग 1907 साली निघाला. त्याचं वर्गीकरण मान्य करायचं की नाही यावर भांडता येतं, भांडावंही. पण शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने हिला व्याकरण आहे असं धरून तक्ते मांडले, ते तुझ्या सरांनी पाहिलेले नसावेत. हा खंड इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतो. प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून त्यात बायबलमधली एकच गोष्ट घेतली आहे, बापाकडून वाटा घेऊन निघून गेलेल्या धाकट्या मुलाची. ती खान्देशीत वाच.

2011च्या जनगणनेत ‘खान्देशी’ या नोंदीखाली 18 लाख 60 हजारांहून जास्त माणसं आहेत. घरात अहिराणी बोलून मातृभाषा मराठी लिहिणारे यात आलेलेच नाहीत, आमचं घरही त्यातलंच.

प्रवेशाचं माझं मत असं. जळगावला एम.ए. मराठी कर. नव्या रचनेत पहिल्या वर्षी संशोधन पद्धती आहे आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प. तो प्रकल्प या 41 गाण्यांवर करता येईल. सुरत-भुसावळ लाइनवर तुला गाडी आहे, आठवड्याला घरी जाता येईल, आणि आजी घरी आहे. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. डेक्कन कॉलेजचं भाषाविज्ञान उत्तम आहे, ध्वनी कसे लिहायचे ते तिथे खरं शिकवतात, पण ते तुला दोन वर्षांनंतरही करता येईल. त्यांनी राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींची पाहणी केली आहे. गावोगावच्या लोकांची रेकॉर्डिंग्ज संकेतस्थळावर ऐकता येतात, खान्देशातलीही आहेत. त्यांनी कसे प्रश्न विचारले आणि उत्तरं कशी लिहिली ते बघ. आत्ता एवढं पुरे.

आणि धुळ्याला जा. राजवाडे संशोधन मंडळात एक दिवस काढ. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी 31 डिसेंबर 1926 ला धुळ्यात देह ठेवला, त्यांचं दप्तर तिथे आहे. धुळ्यातच समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देवांनी गावोगावच्या मठांतून जमवलेली हस्तलिखितं आहेत. गाणी तिथे मिळणार नाहीत. माणसं पायी फिरून कागद कसे गोळा करत, त्यांवर नोंदी कशा करत हे डोळ्यांनी बघितलंस तर वहीतल्या नोंदी आपोआप बदलतील.

वाघूर

गिरणाकाठ यांनी छान लिहिलंय. एक दुरुस्ती मूळ पोस्टला. बहिणाबाईंची भाषा अहिराणी नव्हे, लेवा गणबोली. मी बहिणाबाईंच्या माहेरापासून, असोद्यापासून, जवळच्या गावचा, घरी हीच बोली. बहिणाबाई ‘माझी’, ‘माझ्या’ म्हणतात, तुमच्या आजी ‘मन्ही’, ‘मन्हा’ म्हणतात. बहिणाबाईंच्या ओळींत ना-नी-नं वाली षष्ठी शोधून बघा, ‘आहे’ऐवजी येणारा ‘शे’ शोधून बघा. ‘ळ’चा ‘य’ दोघींकडे आहे, ‘ला’ऐवजी ‘ले’ प्रत्ययही आहे, म्हणून ऐकताना एकच वाटतं. जळगाव जिल्ह्याच्या पूर्वेला आमची, पश्चिमेला आणि धुळ्याकडे तुमची, असं ढोबळ आहे. विद्यापीठाला 2018 मध्ये बहिणाबाईंचं नाव दिलं गेलं याचा आम्हाला अभिमान आहे, म्हणून तरी भाषेचं नाव बरोबर घ्यावं.

अजून एक. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांचा मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांचा मावसभाऊ यांनी त्या म्हणत तसं उतरून घेतलं. बहिणाबाई 1951 च्या डिसेंबरात गेल्या, अत्र्यांच्या पुढाकाराने 1952 मध्ये पुस्तक निघालं. ती वही घरात कोणी धरली नसती तर आज काय असतं? तुमची वही जपा.

बोरीकाठ

वाघूर भाऊ, चूक लक्षात आली. संध्याकाळी पुस्तक काढून तीस पानं तपासली. ‘शे’ एकदाही सापडला नाही. हे इतकी वर्षं मला कसं दिसलं नाही याचं वाईट वाटलं.

गिरणाकाठ ताई, तुमच्या आजीबद्दल वाचून मला आईला हाक मारावीशी वाटली. तिला वाचून दाखवलं. दोन शंका आहेत. नेटला मराठी घेऊ की भाषाविज्ञान? आणि पुढे पीएच.डी.ला मार्गदर्शक तसेच भेटले तर?

गिरणाकाठ

नेटला मराठीच घे. दुसरा पेपर मराठीतून असतो, 100 प्रश्न, 200 गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. भाषाविज्ञानाचा भाग त्यातही येतो. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला 37,000 रुपये. वडिलांना हा आकडा सांग. मुलगी गाणी गोळा करते म्हणजे काय करते, हे त्यांना त्यातून पटकन कळेल.

मार्गदर्शकाबद्दल: विषय बदलून घेऊ नकोस. मी बदलला. एम.ए.ला असतानाच लोकसाहित्यावर, बोलींवर ज्यांनी विद्यार्थ्यांकडून काम करून घेतलं आहे अशा दोन-तीन जणांना भेट, त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध ग्रंथालयात काढून वाच. प्रबंधात बाईचं नाव, गाव, वय लिहिलंय की नुसतं ‘एक वृद्ध स्त्री’ म्हटलंय ते बघ. जिथे गाणाऱ्या बाईचं नाव आहे तिथे जा.

पांझराकाठ

धुळ्याला याल तेव्हा सांगा ताई, मंडळात मी बऱ्याचदा बसलेला असतो. काय मागायचं, कसं मागायचं ते दाखवतो.

बोरीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल जळगावचा अर्ज भरला. वडिलांनी फी स्वतः मोजून दिली. बोलले काही नाहीत, पण आजीजवळ बसताना घरातला टीव्ही बंद करतात आता.

ग्रिअर्सनचा तो भाग उतरवून घेतला. खान्देशीतली ती धाकट्या मुलाची गोष्ट काल रात्री आजीला वाचून दाखवली. ती वाती वळत होती. ‘आंडोर’ (मुलगा) शब्द आला तशी तिने मान वर केली. दोन ठिकाणी मला थांबवून म्हणाली, आपल्याकडे असं म्हणत नाहीत, आणि कसं म्हणतात ते सांगितलं. ते मी समासात लिहून घेतलं, तिचं नाव आणि माहेरच्या गावासकट. मुलगा सगळं उडवून डुकरं राखायला लागतो तिथे मी पान उलटायला थांबले, तर तिने वाती बाजूला ठेवल्या.

“मंग? धाकला घर उना का नई?”