अनुभव धागा: कमी कर्बोदकांच्या आहारात चहासोबत कुरकुरीत काय खाता?

दांडियाबाजारची सून, बडोदे

काल माळ्यावरचे सामान उतरवताना आमच्या आजेसासूबाईंचा पत्र्याचा उंच डबा हाती लागला. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्यात खारी, जिरा बटर आणि टोस्ट भरलेले असत, आणि दुपारच्या चहाला डब्याचे झाकण निघाले की घरातली सगळी माणसे एकेक करून स्वयंपाकघरात येत. आज त्या डब्यात घालण्यासारखे काहीच आमच्या घरात उरलेले नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

माझ्या सासऱ्यांना मधुमेह आहे आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांचा आहार कमी कर्बोदकांचा केला आहे. भात त्यांनी सोडला, पोळीही जवळजवळ सोडली, आणि त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. भाजी, पनीर, दही, शेंगदाणे यांत त्यांचे पोट भरते. मात्र दिवसभर सगळे मऊच खायचे असेल, दाताखाली काही मोडल्याचा आवाजच होत नसेल, तर जेवल्याचे समाधान मिळत नाही, असे ते म्हणतात आणि मला ते पूर्णपणे पटते.

बाजारातल्या पर्यायांबद्दल आधीच सांगते, म्हणजे प्रतिसादांत ते पुन्हा यायला नकोत. पाकिटावर घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असतात, आणि ‘मल्टीग्रेन’ किंवा ‘डायजेस्टिव्ह’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक बिस्किटांत पहिले नाव मैद्याचे किंवा गव्हाच्या पिठाचेच निघते. ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या बिस्किटात साखर नसली तरी पीठ असतेच. आपल्या बडोद्यात कोणीही पहिला सल्ला खाखऱ्याचा देतो, पण गव्हाच्या 100 ग्रॅम पिठात पचणारी कर्बोदके 60 ते 65 ग्रॅम असतात, आणि भाजल्याने त्यांतले काही कमी होत नाही. फक्त पाणी निघून जाते, त्यामुळे वजनाच्या मानाने खाखऱ्यात ती पोळीपेक्षा जास्तच भरतात. मखाणे हलके लागतात, पण तेही मुख्यतः स्टार्चच आहेत.

आमच्याकडे टिकलेला पदार्थ अळशीच्या चकत्यांचा आहे. एक वाटी ताजी दळलेली अळशी, पाव वाटी तीळ, एक चमचा इसबगोल, ओवा, मीठ, थोडे तिखट आणि साधारण अर्धी वाटी पाणी एकत्र करून पंधरा मिनिटे झाकून ठेवते. अळशी आणि इसबगोल दोन्ही पाणी धरून चिकट होतात, त्यामुळे पिठाशिवाय गोळा जमतो. दोन बटर पेपरांच्या मध्ये तो शक्य तितका पातळ लाटायचा, सुरीने चौकोन आखायचे आणि ओव्हनमध्ये 150 अंशांवर अर्ध्या-पाऊण तासात, मध्ये एकदा उलटून, वाळवायचा. 100 ग्रॅम अळशीत एकूण कर्बोदके सुमारे 29 ग्रॅम असतात, पण त्यांतले सुमारे 27 ग्रॅम न पचणारे तंतू असतात, म्हणून बाबांच्या साखरेवर या चकत्यांचा परिणाम फारसा दिसत नाही.

आपण सर्वांनी आपापले अनुभव सविस्तर लिहावेत. अंडी खाणारे आणि न खाणारे, दोघांचेही स्वागत आहे.

रामबागकर, इंदूर

ताई, अळशीबरोबर आमच्या माळव्यातल्या सोयाबीनचाही विचार व्हावा, असे मला कळकळीने वाटते. आमच्याभोवती मैलोन्‌मैल सोयाबीन पिकते, त्याची राष्ट्रीय संशोधन संस्था 1987 पासून इंदुरातच आहे, आणि तरीही आमच्या मराठी घरांत ते तेलाच्या डब्यापलीकडे क्वचितच पोहोचते. 100 ग्रॅम सोयाबीनमध्ये प्रथिने 36 ग्रॅमांच्या आसपास आणि एकूण कर्बोदके सुमारे 30 ग्रॅम, त्यांतलेही 9 ग्रॅम तंतू. फुटाणे याच्या जवळपासही येत नाहीत.

मात्र सोयाबीन कच्चे भाजू नये. त्यात प्रथिनांच्या पचनाला अडथळा करणारे घटक असतात आणि ते ओलसर उष्णतेने निष्प्रभ होतात. म्हणून रात्रभर भिजवून, पाणी बदलून, अर्धा तास चांगले उकळावे, कापडावर पसरून कोरडे करावे आणि मग जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर, दाणा फोडल्यावर आतून मऊ लागणार नाही इतपत, भाजावे. वर काळे मीठ आणि जिरावण घातले की ज्यांना सकाळच्या पोह्यांवरची शेव सोडावी लागली आहे त्यांनाही ते आवडते. इंदुरात राहून शेव सोडणे सोपे नाही, हे मी अनुभवाने सांगतो. बेसनात 100 ग्रॅमला पचणारी कर्बोदके 45 ते 50 ग्रॅम असतात, त्यामुळे शेव गव्हापेक्षा बरी असली तरी कमी कर्बोदकांची नाही.

कारेलीबागेतून

दांडियाबाजारच्या ताई, आमच्याकडे ओव्हन नाही. तव्यावर या चकत्या होतील का? सासऱ्यांना नमस्कार सांगावा. या वयात त्यांनी इतके पथ्य पाळावे याचे फार कौतुक वाटते.

मांडवीकर, बडोदे

तव्यावर निश्चित होतात, आणि त्यासाठी खाखऱ्याचीच रीत वापरावी. आमच्या शेजारच्या भाभींनी ती मला शिकवली. वरच्याच मिश्रणात दोन चमचे बेसन मिसळावे, कारण नुसत्या अळशीची पोळी तव्यावर उलटताना फाटते. दोन प्लास्टिकच्या मध्ये लाटून आधी दोन्ही बाजूंनी अर्धवट भाजून घ्यावी. मग गॅस अगदी बारीक करून, घडी केलेल्या सुती कापडाने किंवा खाखऱ्याच्या लाकडी दट्ट्याने सगळीकडून दाबत आणि फिरवत राहावे. दाबल्यामुळे पोळी फुगत नाही, तव्याला सर्वत्र सारखी टेकते आणि आतली वाफ निघून जाते. आच वाढवली तर अळशी आतून ओली राहते आणि बाहेरून जळून कडू होते, म्हणून या कामाला वेळ द्यावाच लागतो. मेथीची पाने घालायची असतील तर आधी मीठ लावून घट्ट पिळून घ्यावीत.

लष्करची माहेरवाशीण, ग्वाल्हेर

पिठाचा पर्याय पिठातच कशाला शोधायचा, असा माझा प्रश्न आहे. कुरकुरीतपणा पदार्थ पातळ करून त्यातले पाणी काढल्याने येतो, आणि ही गोष्ट आपल्या आज्या-पणज्यांना पक्की ठाऊक होती. ग्वाल्हेरच्या मे महिन्यातले ऊन सोसवत नाही, पण वाळवणांसाठी त्यासारखे ऊन नाही. माझी आई गच्चीवर सांडगी मिरची आणि गवारीच्या शेंगा वाळवत असे, आणि कारल्याच्या काचऱ्या तर वर्षभर पुरत. आता माझ्या स्वतःच्या आहारात मी तेच केले आहे. कारले शक्य तितके पातळ चिरावे, मीठ-हळद लावून पाणी सुटले की पिळावे, दोन उन्हे द्यावीत आणि खायच्या वेळी थोड्या तेलावर परतावे. भेंडीचे लांब काप असेच होतात.

चहाबरोबर कारले सर्वांना रुचणार नाही, हे मान्य आहे. त्यासाठी सुक्या खोबऱ्याचे पातळ काप मंद आचेवर बदामी होईपर्यंत भाजून, वर मीठ आणि मिरपूड घालून ठेवते. संक्रांतीच्या सुमारास इथे गजकेसाठी उत्तम तीळ येतात. ते दाल बाजारातून घेऊन गुळाशिवाय नुसते भाजून खोबऱ्यात मिसळते.

अलकापुरी, बडोदे

भाजलेल्या उडदाच्या पापडाचे नाव अजून कोणी कसे घेतले नाही? एका मध्यम पापडात कर्बोदके सहा ग्रॅमांच्या आसपास असतात, म्हणजे एक पापड कोणत्याही बिस्किटांपेक्षा बरा. रक्तदाब असलेल्यांनी मात्र त्यातल्या मिठाचा आणि पापडखाराचा विचार करावा. चीजचा एक काप चार तुकडे करून, बटर पेपरवर सुटे ठेवून मायक्रोवेव्हमध्ये दीड-दोन मिनिटे ठेवला तर तो फुगतो आणि गार झाल्यावर कुडकुडीत होतो. मुलांनाही तो फार आवडतो, पण मीठ त्यातही आहे.

औषधशास्त्राची निवृत्त अध्यापिका, इंदूर

पाककृती उत्तम आहेत. त्यांच्यासोबत एक गोष्ट आवर्जून सांगणे मला कर्तव्य वाटते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असताना कर्बोदके एकदम कमी केली, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते, म्हणून औषधाची मात्रा डॉक्टरांकडून आधी बदलून घ्यावी. ज्या औषधांच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येते, त्यांच्यासोबत फार कमी कर्बोदकांचा आहार घेतल्यास रक्तात कीटोन वाढून आम्लता होण्याचा धोका असतो, आणि त्यात साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसतानाही माणूस गंभीर आजारी पडू शकतो. मूत्रपिंडाचा आजार असल्यास सोयाबीन, पनीर आणि चीज किती खावे, हेही विचारूनच ठरवावे.

इसबगोलाबद्दलही दोन शब्द लिहिते. तो कोरडा खाऊ नये, कारण घशात फुगून अडकू शकतो. इसबगोलाचे पदार्थ खाणाऱ्याने दिवसभरात भरपूर पाणी प्यावे, आणि औषधाच्या गोळ्या व इसबगोल यांत दोन तासांचे अंतर ठेवावे.

दांडियाबाजारची सून, बडोदे

बाई, आपले मनापासून आभार. बाबांच्या गोळ्या डॉक्टरांनी आहार बदलतानाच कमी केल्या होत्या, पण इसबगोल आणि गोळ्या यांच्यातले अंतर आम्हाला माहीत नव्हते. आजपासून ते पाळू.

तुकोगंज, इंदूर

ज्यांना खरोखर टोस्टच हवा आहे, त्यांच्यासाठी लिहिते. आमच्या घरी अंडी चालतात. दीड वाटी बदामाची पूड, तीन मोठे चमचे इसबगोल, बेकिंग पावडर, मीठ, तीन अंडी आणि पाऊण वाटी गरम पाणी यांचा लहान पाव भाजते. तो पूर्ण गार झाल्याशिवाय कापत नाही, कारण गरम असताना आतला भाग चिकट असतो. मग पातळ काप करून जाळीवर उभे-आडवे मांडते आणि 120 अंशांवर पुन्हा वाळवते. बेकरीतला टोस्टही दोनदाच भाजलेला असतो, फक्त तिथे मैदा असतो. एखाद्या इसबगोलाने पाव आतून जांभळट दिसतो. त्यात काही बिघडलेले नसते. चहात बुडवल्यावर तो मैद्याच्या टोस्टइतका लवकर विरघळत नाही, आणि माझ्या यजमानांना तेच अधिक आवडू लागले आहे.

बदाम महाग पडतात, हे खरे आहे. मी सियागंजमधून तुकडा बदाम घेते आणि मिक्सर थांबवत थांबवत दळते, नाही तर तेल सुटून लगदा होतो. निम्मे बदाम काढून तिथे शेंगदाण्याचा बारीक कूट घातला तरी चालते.

कारेलीबागेतून

मांडवीकरांच्या रीतीने आत्ताच एक पोळी केली. कडा छान मोडतात, मध्यभाग किंचित लवचीक राहिला आहे. इसबगोल इथे कोणता घ्यावा?

मांडवीकर, बडोदे

मध्यभाग जाड राहिला असेल. लाटणे मधून बाहेर न्यावे आणि दट्ट्या मध्यावर जास्त वेळ ठेवावा. इसबगोलासाठी आपल्याला लांब जायला नको, त्याचा मोठा व्यापार आपल्याच गुजरातेत, उंझा आणि सिद्धपूरकडे आहे. फक्त साधी भुशी घ्यावी. संत्र्याच्या किंवा इतर स्वादाच्या पाकिटांत बहुधा साखर असते.

लष्करची माहेरवाशीण, ग्वाल्हेर

आमच्या कोरड्या हवेत चकत्या आठवडाभर सहज राहतात. बडोद्याला पावसाळ्यात कशा ठेवता?

दांडियाबाजारची सून, बडोदे

पावसाळ्यात इथे त्या दुसऱ्या दिवशीच नरम पडतात. जाळीवर पूर्ण गार करून मगच बरणीत भरते, आणि नरमल्याच तर खायच्या आधी मंद तव्यावर पाच मिनिटे ठेवते. ओलावा निघून जातो आणि त्या पुन्हा मोडू लागतात. एकदम जास्त करून ठेवत नाही, कारण दळलेल्या अळशीतले तेल हवेने लवकर खवट होते. अळशी अख्खी आणून फ्रिजमध्ये ठेवावी आणि लागेल तेवढीच दळावी.