ई. कोलायची वाढ लॉजिस्टिक समीकरणात नीट का बसत नाही?

प्रश्न (पेशीगणित)
ई. कोलाय जिवाणू ३७ अंशांवर वाढवून प्लेट रीडरमध्ये (वेल म्हणजे बारीक खळगे असलेली प्लेट मोजणारं यंत्र) दर १० मिनिटांनी ६०० नॅनोमीटरला ओडी (गढूळता, तिच्यावरून पेशी किती ते कळतं) घेतली. वेलमध्ये २०० मायक्रोलिटर, सहा वेलची सरासरी. लॉजिस्टिक (आधी झपाट्याने वाढून मग कमाल मर्यादेला थांबणारी वाढ) फिटमध्ये के, म्हणजे ती मर्यादा, १.१ येतो, तो पटतो. पण आर, म्हणजे वाढीचा दर, ताशी १.२ येतो आणि लॉग आलेखाचा उतार १.९ आहे, म्हणजे दुप्पट व्हायला २२ ऐवजी ३५ मिनिटं. पहिला तासभर फिटची रेषा बिंदूंच्या वर राहते. चुकतंय कुठे?

लॅगवाला
रेषा वर राहते, त्यातच उत्तर आहे. लॉजिस्टिकमध्ये लॅग फेज (वाढ सुरू होण्याआधीचा थांबा) नसतेच. तुमच्या पेशी तासभर जवळपास थांबलेल्या आहेत, सुरुवातीची संख्या पहिल्या ओडीवर पक्की धरली असेल, तर ते जुळवायला फिट आर कमी करतं आणि रेषा वर राहते. ती संख्या फिटमध्ये पक्की धरलीय का, ते बघा.

बरान्यी-रॉबर्ट्सचं (१९९४) लॅग धरणारं समीकरण वापरा: वाढीच्या दराला क्यू/(१+क्यू) ने गुणायचं, क्यू (पेशी वाढायला किती तयार आहेत त्याचं माप) स्वतः आर दराने वाढतो. लॅग = नैसर्गिक लॉग (१ + १/सुरुवातीचा क्यू) ÷ आर. क्यू ०.२ आणि आर १.९ धरला तर साधारण ५७ मिनिटं. आणि फिट लॉग ओडीवर करा, नाहीतर १.० जवळचे बिंदूच सगळं ठरवतात.

वेल_ए१
सरासरी आधी काढूच नका. वेलांचे लॅग मागेपुढे असले की सरासरीचा चढ पसरट होतो आणि आर कमी येतो. प्रत्येक वेल वेगळी फिट करा, मग आरची सरासरी घ्या.

ब्लँकही (पेशींशिवाय नुसत्या माध्यमाची ओडी, जी वजा करतात) बघा. खरी ओडी ०.०१ असताना ०.००५ वजा व्हायची राहिली, तर १.९ चा उतार १.२७ दिसतो, तेवढीच जास्त वजा झाली तर ३.८. म्हणून तो १.९ ओडी ०.०५ ते ०.२ मधूनच काढलाय ना, ते तपासा.

केवर मात्र माझा विश्वास नाही. दाट कल्चरमध्ये ओडी पेशींच्या संख्येमागे पडते. दाट कल्चर निम्मं-निम्मं विरळ करत ओडी घ्या आणि तुमच्याच रीडरची दुरुस्ती-रेषा काढा.

पेशीगणित
वेलवार, लॉगवर, लॅगसह केलं. आर १.८ आला, पण त्याची त्रुटी मोठी आहे.

लॅगवाला
आर आणि क्यू एकमेकांची भरपाई करतात. आर १.५ ते २.१ मध्ये ०.१ च्या पायरीने पक्का धरून बाकीचं प्रत्येक वेळी फिट करा आणि चूक आलेखावर मांडा. तळ सपाट आला तर समीकरणाला दोष नाही, चढावरचे बिंदू कमी पडतायत. दर ३ मिनिटांनी ओडी घ्या.