समोरचा सुटलेला गडी, 1800 चा ऑल-इन: कॉल मारायचा का?

पेठकर: परवा मंगळवार पेठेत मित्राच्या गच्चीवर टेक्सस होल्डेम (पोकरचा प्रकार: हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच) रंगला होता. पैसे नाहीत, नुसत्या चिप्स. ज्याच्या आधी संपतील त्यानं गंगावेशच्या कट्ट्यावर सगळ्यांना दूध पाजायचं.

माझ्याकडं इस्पिक एक्का, बदाम राजा. टेबलावर इस्पिक राजा, इस्पिक नव्वी, चौकट छक्की, किलवर दुर्री आणि शेवटी इस्पिक चव्वी. समोरचा रात्रभर पत्ते न बघता रेझ मारत (बोली वाढवत) होता. या डावात मात्र फ्लॉपला (पहिली तीन पानं) आणि टर्नला (चौथं पान) मी लावलेलं गुमान कॉल केलं, म्हणजे तेवढ्याच चिप्स घातल्या. शेवटच्या पानावर पॉट (मधला ढीग) 900 चा, आणि भावानं थेट 1800 ढकलले, होत्या नव्हत्या सगळ्या चिप्स (ऑल-इन). तुम्ही काय केलं असतं? निकाल नंतर सांगतो.

आकडेमोड: डोळे झाकून कॉल. 1800 घालून एकूण 4500 चा पॉट मिळतोय, म्हणजे 100 वेळांत 40 वेळा जिंकलास तरी बरोबरी. न दिसणारी पानं 45, त्यांच्या जोड्या (म्हणजे दोन पानांचे हात) 990. तुला हरवणाऱ्या किती? कलरच्या (पाचही पानं इस्पिक) 36, बाकी दोन जोड्या, ट्रिपल, सिक्वेन्स, एक्क्यांची जोडी धरून एकूण 144. त्या सगळ्यांवर त्यानं ऑल-इन केलं असं धर. उरलेल्या आठशेवर हातांतल्या फक्त 96 हातांवर जरी त्यानं थाप मारली तरी तुझा कॉल बरोबर. आणि हा गडी म्हणे पत्तेच बघत नाही!

शाहूपुरीकर: कागदावर लई भारी. पण 990 हात सारखेच धरलेस तिथंच गंडलास. रात्रभर रेझ मारणारा दोनदा नुसता कॉल करतो आणि तिसरं इस्पिक पडल्या पडल्या पॉटच्या दुप्पट लावतो, यात काहीच वेगळं दिसत नाही? तालमीत सारखे हात मारणारा गडी अचानक थंड उभा राहिला की वस्ताद वरनं वरडतो, "सांभाळ रं!" माझा फोल्ड, पानं टाकून मोकळा.

वडणगेचा: पैसे नव्हते हे बरं केलंस. जुगारबंदीचा कायदा 1887 चा असला तरी अजून जिवंत हाय. चालू द्या.

पेठकर: एक लिहायचं राहिलं. चव्वी पडल्यावर त्यानं स्वतःची पानं परत उचलून बघितली.

रंकाळा_कट्टा: मग तर कॉलच! हातात दोन्ही इस्पिक असलेला माणूस ते विसरत नाही. एखादं इस्पिक हाय का, एवढंच बघायला पानं उचलतात. आणि टेबलावर तीनच इस्पिक, त्यामुळं हातातल्या एकानं कलर होत नाही. त्यात एक्का तुझ्याकडं. तो नसता तर कलरच्या 45 जोड्या झाल्या असत्या.

शाहूपुरीकर: अरे, तो पत्ते न बघता खेळतो हे वर पेठकरानंच लिहिलंय. "परत" कुठलं? पहिल्यांदाच बघितले असतील. आणि बघितल्यावर 1800 लावले. आता बोला.

पेठकर: हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. 😄 सुरुवातीला बघितले होते का, खरंच आठवत नाही.

आकडेमोड: शाहूपुरीकर, पहिल्यांदाच बघितले असतील तर आधीचे दोन कॉल आंधळेच झाले ना? मग तुमचा "थंड उभा" गेला आणि माझे 990 हात जागेवर आले. प्रश्न एवढाच, काय बघून हा 1800 लावतो? माझ्या मते नव्वीची एक जोडी दिसली तरी लावेल. कॉल.

शाहूपुरीकर: नव्वीच्या जोडीवर पॉटच्या दुप्पट? तुम्ही बसा त्याच्यासमोर, दूध आम्ही पितो.