जळणारे अक्षर आणि लाल फुले
उत्कंठा घटनांतून निर्माण होते आणि भाषा तिला फक्त वाहून नेते, हे मत मला मान्य करता येत नाही. डॅफ्ने द्यु मॉरिए यांची १९३८ सालची ‘रेबेका’ ही कादंबरी पाहावी. निवेदिकेला अखेरपर्यंत नाव मिळत नाही. नवऱ्याच्या मृत पहिल्या पत्नीचे नाव मात्र थेट शीर्षकात आहे. लग्नाआधी मोंटे कार्लोमध्ये निवेदिका कवितांच्या पुस्तकातले रेबेकाच्या हस्ताक्षराचे पान कापून जाळते, तेव्हा ते उंच, तिरके ‘आर’ सर्वांत शेवटी पेट घेते आणि ज्वाळेत पिळवटताना क्षणभर पूर्वीपेक्षाही मोठे होते. घडते ते इतकेच, की एक कागद जळतो. धास्ती वाटते ती त्या ‘मोठे होण्या’मुळे, आणि माझ्या मते संपूर्ण कादंबरी या एका क्रियापदात सामावलेली आहे. पुढे मँडर्लीच्या, म्हणजे नवऱ्याच्या घराच्या, वाटेवर दुतर्फा रक्तासारख्या लाल ऱ्होडोडेंड्रॉनच्या भिंती उभ्या राहतात. हीच फुले तिने आजवर फिकट जांभळी किंवा गुलाबी, वाफ्यात शिस्तीने वाढलेली पाहिलेली असतात. तिला कोणी धमकावत नाही, मोटार नेहमीसारखी चाललेली असते, तरीही घर नजरेस पडण्याआधीच तिथे सत्ता कोणाची आहे, हे वाचकाला उमगते.